साठवलेले पाणी आणि डेंग्यूचा डास
(इंदुरात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

उपस्थित बंधुभगिनींनो,

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपल्या इंदूरने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवला आणि ओला-सुका कचरा वेगळा देण्याची शिस्त घराघरांत रुजली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. रस्ते इतके स्वच्छ असताना पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण का वाढतात, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच घरात, वापरासाठी साठवलेल्या निर्मळ पाण्यात सापडते.

सगळे डास घाणीत वाढतात हा आपला समज अर्धवट आहे. गटारीच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस विहिरींत आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिस डासाला मात्र घरातले स्थिर, स्वच्छ पाणीच मानवते. आज मी मुख्यतः त्याच्याविषयी बोलणार आहे.

नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये इंदुरात आले, ही या शहराच्या इतिहासातली फार मोठी घटना होती. परंतु नर्मदाकाठच्या जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर पार करून, उंच चढवून आणलेले हे पाणी अनेक वस्त्यांना एक दिवसाआड मिळते. म्हणून अंगणाखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, न्हाणीघरात ड्रम आणि त्याशिवाय भरून ठेवलेल्या दोन-चार बादल्या, अशी आपली व्यवस्था असते. पाणी साठवू नका असे सांगणारा सल्ला इथे निरुपयोगी आहे. साठवलेल्या पाण्यापर्यंत डास पोहोचणार नाही, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

त्यासाठी एडिसच्या अंड्यांची एक खोड नीट समजून घ्यावी लागते. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. भांडे रिकामे केले की पाणी जाते, अंडी भिंतीलाच राहतात, आणि ती कोरडी अंडी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. पुन्हा पाणी भरले आणि ते त्यांच्यापर्यंत चढले की अळ्या बाहेर पडतात. नुसते पाणी ओतून देणाऱ्या घरातही डास का होतात, ते यावरून कळेल. भांडे आतून काथ्याने किंवा ब्रशने घासून काढायला हवे, विशेषतः काठाजवळ. अंड्यापासून उडणारा डास होण्यास आपल्याकडच्या हवामानात साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातला एक वार ठरवून प्रत्येक ड्रम, बादली आणि पिंप घासून कोरडे करावे, असे सांगितले जाते.

कूलरचे उदाहरण घ्या. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आपण कूलर बंद करतो, पण टाकीतले पाणी आणि ओले गवत तसेच राहते. मग पुढचे काही आठवडे खिडकीत, झोपण्याच्या खोलीला लागूनच, डासांची पैदास होते. कूलर बंद करतानाच टाकी घासून वाळवावी आणि जुने गवत टाकून द्यावे. उन्हाळ्यात पाखरांसाठी टांगलेले सकोरे, म्हणजे पाण्याची मातीची भांडी, हे पुण्याचे काम आहे आणि ते चालू राहावे, मात्र सकोरा रोज घासून मगच भरावा. फ्रिजच्या मागचा ट्रे, बाटलीत लावलेले मनीप्लांट, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवर पडलेले जुने टायर, या जागा सहसा नजरेतून सुटतात, आणि झाकणभर पाणीही या डासाला पुरते.

हौद आणि मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी करणे कोणालाच परवडणारे नाही. तिथे घट्ट बसणारे झाकण हवे, आणि पाणी ओसंडून जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली हवी. झाकण पक्के असूनही डास त्या नळीतून आत शिरतो. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या नळीलाही अशीच जाळी लावावी. जुन्या वाड्यांतल्या वापरात नसलेल्या विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

धुराच्या गाडीविषयी स्पष्ट बोलतो. धूर समोर उडणारे डास मारतो. पाण्यातल्या अळ्या आणि भिंतीवरची अंडी यांना त्याने काहीही होत नाही, आणि घरात पडद्यामागे, पलंगाखाली दडून बसणाऱ्या एडिसपर्यंत रस्त्यावरचा धूर फारसा पोहोचत नाही. गल्लीत धूर झाला म्हणून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते. एडिस सहसा जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही, म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरातच वाढलेला असतो. म्हणून सगळ्या गल्लीने एकच वार पाळला, तर त्याचा खरा उपयोग होतो.

हा डास दिवसा, मुख्यतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो. दुपारी झोपणारी तान्ही मुले आणि आजी-आजोबा यांच्यासाठी मच्छरदाणी दिवसाही लावा.

घरात कोणाला एकाएकी जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे आणि अंगदुखी सुरू झाली, तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ द्यावेत. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यूत खरी काळजी घेण्याचे दिवस तेच असतात. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार ग्लानी दिसली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आणि तापाचे पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला मच्छरदाणीतच ठेवावे, कारण त्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे साधारण ८ ते १२ दिवसांनी घरातल्या इतरांना आणि शेजाऱ्यांना रोग देऊ लागतो.