पऱ्हाटीचा कोळसा, प्लॅटिनमची जागा

[दृश्य: यवतमाळकडचं वावर, धुऱ्यावर पऱ्हाट्यांचा ढीग]

कापसाचा शेवटचा वेचा झाला की वावरात उरते नुसती पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटवतात. साठवून ठेवायचीही भीती, कारण वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते.

शेजारी सौरपंपाच्या प्लेटा दिसतात, त्या सिलिकॉनच्या. या पऱ्हाटीचा कार्बन सौरघटात उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून वापरता येतो. पण या प्लेटांना उत्प्रेरक लागत नाही. तो लागतो रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटाला.

[दृश्य: दोन काचा, मधे लालसर थर]

हा घट मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून जगापुढे मांडला. एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर असतो, त्यावर रंग चढवलेला. ऊन पडलं की रंगातला इलेक्ट्रॉन सुटतो, तारेतून फिरतो आणि समोरच्या काचेवर पोचतो. तिथून त्यानं आयोडीनच्या द्रावणात उतरायचं, म्हणजे रिकामा झालेला रंग पुन्हा भरतो. हे उतरणं साध्या काचेवर फार रेंगाळतं. म्हणून तिथं प्लॅटिनम देतात. थर अगदी पातळ, पण धातू महागच.

१९९६ मध्ये ग्रेट्झेल यांच्याच प्रयोगशाळेत प्लॅटिनमऐवजी ग्रॅफाइट आणि काजळी वापरून पाहिली. घट चालला! पुढे नॅनोनलिका, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आल्या, ग्राफीन आलं. ग्राफीन म्हणजे कार्बनची एका अणूच्या जाडीची जाळी. ती अखंड असेल तर या कामात फारशी उपयोगी नाही. काम करतात तुटलेल्या कडा, भोकं, ऑक्सिजन चिकटलेल्या जागा. मात्र भोकं वाढली की वीज वाहणं मंदावतं. संशोधकांची सगळी कसरत या दोन टोकांमधली.

[दृश्य: भट्टी, काळी भुकटी]

पऱ्हाटीसारखा काडीकचरा हवा लागू न देता तापवला आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया दिली, तर प्लॅटिनमच्या जागी वापरता येणारा सच्छिद्र कार्बन मिळतो. अशा एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर जाऊ शकतो. आपल्या हिशेबात साधारण दहा गुंठे. चुलीतला कोळसा मात्र चालत नाही. त्यात राख फार, आणि वीज नीट वाहत नाही.

उद्या विहिरीवरचा पंप यावर चालेल का? नाही. प्रयोगशाळेतले उत्तमातले उत्तम रंगघट उन्हातली १५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा विजेत बदलतात, तर बाजारातल्या सिलिकॉनच्या प्लेटा २० टक्क्यांच्या पुढे. शिवाय आत द्रावण. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात ते गळू न देणं हीच मोठी अडचण. मंद उजेडात मात्र हा घट सरस ठरतो. त्यामुळे घरातल्या, गोदामातल्या उजेडावर चालणारे छोटे सेन्सर, हीच सध्या त्याची खरी जागा.