डायलची एक रेघ

(दृश्य: खानापूर रोड, सकाळ. हँडलला डबे लटकवलेल्या दुचाकी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे वळतात.)

बेळगावात फौजेचं कुणाला अप्रूप नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथलं. पहाटे पळणारे रिक्रूट बघतच इथली पोरं मोठी होतात. रात्रीच्या अंधारात अंगाच्या उष्णतेवरून माणूस दाखवणारी बंदुकीवरची साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण म्हटली, की सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करतात. आपण या शेडमध्ये आलोय ते कॅमेरा ज्यात बसतो त्या ॲल्युमिनियमच्या डब्यासाठी.

(दृश्य: व्हीएमसीवरून, म्हणजे धातू कोरणाऱ्या संगणकी मशीनवरून, जॉब (घडवलेला भाग) उतरतो. पाण्याचा फवारा थांबतो.)

साइटच्या भिंगाचा रोख बंदुकीच्या नळीला घट्ट समांतर राहायला हवा. डब्याची बैठक १०० मिलिमीटर लांब धरा आणि एका टोकाला ती ०.०१ मिलिमीटर उचलली गेली, असं समजा. म्हणजे माप घ्यायच्या डायलवरची जेमतेम एक रेघ. एक किलोमीटरवर नेम १० सेंटिमीटर चुकतो, दोनवर २०. शिवाय प्रत्येक गोळीचा धक्का बसल्यावर ती बैठक पुन्हा त्याच जागी यायला हवी.

आणि थंडी? तिथे खरी गंमत आहे. साध्या काचेतून ८ ते १२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उष्णतेच्या लहरी जात नाहीत, म्हणून पुढचं भिंग जर्मेनियमचं असतं. हातात घेतलं तर करड्या धातूची चकतीच वाटते, आरपार काही दिसत नाही. तापमान उतरलं की ॲल्युमिनियम जर्मेनियमच्या जवळजवळ चौपट आकसतं. पारा ५० अंशांनी उतरला, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाभोवती डबा ४० मायक्रॉननी जास्त आवळला जातो. म्हणून भिंग ठोकून बसवत नाहीत. भोवती थोडी फट ठेवून त्यात लवचिक सिलिकॉन भरतात. डबा बंद करताना आत कोरडा नायट्रोजन सोडतात, नाहीतर आतली वाफ भिंगावर धुकं धरते. खानापूरकडच्या पावसाळ्यात ज्याच्या भिंतींना बुरशी येते, त्याला हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: मोजमाप खोली. ग्रॅनाइटची प्लेट, डायल, एक तरुण ऑपरेटर.)

मापाचा ठरलेला पारा २० अंश. बेळगाव थंड हवेचं म्हणून नावाजलेलं, पण मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये ३५ सहज. तेवढ्याने १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब साडेतीन रेघांनी फुगतो! गेल्या उन्हाळ्यात इथला एक अख्खा लॉट याच कारणाने परत आला. मशीन ठीक होतं, टूल नवं होतं. जॉब गरम असतानाच मोजले होते.

तरुणाचा हात डायलकडे जातो. शेजारचे मामा चष्म्यावरून बघतात.

"मोजू नको रे आत्ताच. निवू दे. जा, चहा पिऊन ये."

(दृश्य: प्लेटवर एकटा जॉब. पंख्याची घरघर.)