कौलाची हाडे : चिनी लिपीचा सर्वांत जुना पुरावा

पडद्यावर दिसत आहे ते कासवाच्या पोटाकडचे कवच. प्राचीन चीनमध्ये दैवी कौल लावण्यासाठी वापरलेली अशी कवचे आणि जनावरांची हाडे म्हणजेच ‘कौलाची हाडे’. त्यावर टोकदार, ताठ रेषांनी कोरलेली अक्षरे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची आहेत. आजच्या चिनी लिपीचा माग काढत मागे गेल्यास सलग मजकुराचा हाच सर्वांत जुना मोठा साठा हाती लागतो.

चीनच्या हनान प्रांतात, आन्यांग शहराजवळच्या श्याओतुन गावातील शेतकऱ्यांना जमिनीत अशी हाडे सापडत. औषधविक्रेते त्यांना ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणत आणि त्यांची पूड औषधात घालत. किती मजकूर असा खलात कुटला गेला असेल, या विचाराने आजही हळहळ वाटते. १८९९ मध्ये बीजिंगमधील विद्वान अधिकारी वांग यिरोंग यांनी या खुणा म्हणजे प्राचीन लेखन असल्याचे ओळखले. पुढच्याच वर्षी परकीय फौजा राजधानीत शिरल्या तेव्हा त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या संग्रहातील बरीच हाडे लिउ अ यांच्याकडे आली आणि शाईने कागदावर घेतलेल्या ठशांचा पहिला संग्रह त्यांनी १९०३ मध्ये छापला. व्यापारी मात्र हाडे कोठून येतात हे लपवत असत. श्याओतुनचे नाव अभ्यासक लुओ झेनयू यांनी १९०८ च्या सुमारास शोधून काढले आणि १९२८ पासून तेथे शास्त्रीय उत्खनन सुरू झाले.

येथे शांग राजवंशाची अखेरची राजधानी होती आणि ही हाडे राजाने पूर्वजांना व दैवतांना लावलेल्या कौलांची आहेत. कासवाचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे रुंद हाड घासून साफ करत, त्याच्या मागील बाजूस खोलगट खाचा कोरत आणि त्या खाचांना धग देत, म्हणजे पुढील बाजूस तडा जाई. त्या तड्याचा अर्थ राजा लावी. पाऊस पडेल का, पीक येईल का, शिकारीला जावे का, एवढेच काय, दात दुखतो आहे तो कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे, असेही प्रश्न विचारले जात.

राजा वू डिंगची राणी फू हाओ बाळंत होणार होती, तेव्हाचा कौल मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. आधी दिवस व कौल लावणाऱ्याचे नाव, मग प्रश्न: प्रसूती शुभ होईल का? राजाने तडे पाहून शुभ दिवस सांगितले. त्याखाली कोरले आहे की, एकतिसाव्या दिवशी राणी प्रसूत झाली, शुभ झाले नाही, मुलगी झाली. त्या एका शेऱ्यात त्या दरबाराची मुलीविषयीची दृष्टी कायमची नोंदली गेली. आणि ज्या राणीविषयी हे लिहिले, ती स्वतः सैन्याचे नेतृत्व करत होती, हेही अशाच हाडांवर लिहिलेले आहे. तिची न लुटलेली कबर १९७६ मध्ये याच परिसरात सापडली.

ही लिपीची बाल्यावस्था मात्र नव्हे. सुपाच्या चित्रावरून घडलेले अक्षर येथे धान्य पाखडण्याशी संबंध नसलेल्या, पण उच्चारात जुळणाऱ्या एका अव्ययासाठी वापरले आहे. चित्राकडून ध्वनीकडे जाण्याचे हे निर्णायक पाऊल आधीच पडलेले होते. एका अक्षरात दोरीने गुंफलेल्या पट्ट्या दिसतात, त्यावरून बांबूच्या पट्ट्यांवरही लिहीत असत, असा तर्क अभ्यासक करतात. त्या पट्ट्या कुजून गेल्या, हाडे टिकली.

या हाडांनी इतिहासालाही साक्ष दिली. प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्येन यांनी हजारभर वर्षांनंतर लिहिलेली शांग राजांची यादी दंतकथा असावी, अशी शंका होती. १९१७ मध्ये अभ्यासक वांग ग्वोवेई यांनी हाडांवरील नावे तिच्याशी पडताळली, तेव्हा ती बहुतांशी खरी ठरली.

आजवर सुमारे दीड लाख तुकडे मिळाले आहेत. त्यांवरील साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळ्या अक्षरांपैकी जेमतेम एक तृतीयांशाची खात्रीशीर उकल झाली असून उरलेल्यांत माणसांची व गावांची नावे पुष्कळ आहेत. आन्यांगच्या राष्ट्रीय चिनी लेखन संग्रहालयाने न उकललेल्या एका अक्षराच्या मान्य उकलीसाठी एक लाख युआनचे पारितोषिक जाहीर केले आहे.