परदेशातलं सेमिस्टर: तीस क्रेडिटांची गोष्ट

१९५८ साल. सोफिया कोराडी ही इटालियन विद्यार्थिनी न्यूयॉर्कहून रोमला परतली. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकून आली होती. ते शिक्षण आपल्या पदवीत धरलं जावं, एवढंच तिचं मागणं. मान्यता राहिली बाजूलाच, विद्यापीठाच्या कार्यालयात चारचौघांसमोर बोलणी खावी लागली. तिनं ते मनाला लावून घेतलं, हे पुढच्यांच्या पथ्यावर पडलं. १९६९ पासून तिनं एकच विषय लावून धरला: बाहेर शिकलेलं घरी मोजलं गेलं पाहिजे. १९८७ मध्ये युरोपातल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारी इरॅस्मस योजना सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी त्यातून परदेशी शिकायला गेले.

आज पडद्यावर दिसतात ते जुने पूल, सायकली, हसरे घोळके. पण हे सेमिस्टर उभं असतं कागदांवर.

पहिला कागद दोन विद्यापीठांमधला करार. तुमचे विद्यार्थी आमच्याकडे, आमचे तुमच्याकडे. फी ज्यानं त्यानं आपल्याच विद्यापीठात भरायची. म्हणून जागा मोजक्या. तिथली फी माफ म्हटल्यावर हुरळून जाणारे बरेच असतात, पण खोलीचं भाडं, विमा, व्हिसा, प्रवास हे सगळं उरतंच.

दुसरा कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिथे कोणते विषय घेणार आणि ते इथे कशाच्या जागी धरले जाणार, हे निघण्याआधीच ठरतं. विद्यार्थी, त्याचं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ, तिघांच्या सह्या. युरोपात वर्षाची ६० क्रेडिटं, सेमिस्टरची ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास अभ्यास धरलेला असतो. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास! दर शनिवार-रविवारी नवं शहर बघायचा बेत इथेच डळमळतो.

आणि तिथे पोचल्यावर? ठरवलेला विषय या सत्रात शिकवतच नाहीत. दोन तासिका एकाच वेळी येतात. एखादा वर्ग फक्त स्थानिक भाषेत चालतो. मग पहिल्या काही आठवड्यांत यादी बदलायची, पुन्हा तिघांच्या सह्या. जर्मनीत वेळापत्रकात दहापुढे ‘सी. टी.’ असं लिहिलेलं असलं, तर तास सव्वादहाला सुरू होतो. हे ज्याला ठाऊक नसतं, तो दहाला रिकाम्या वर्गात एकटाच बसून राहतो.

गुणांची तर वेगळीच तऱ्हा. फ्रान्समध्ये २० पैकी, उत्तीर्ण व्हायला १०. इटलीत ३० पैकी, उत्तीर्ण १८ ला. जर्मनीत सगळं उलटं: १.० सर्वांत उत्तम आणि ५.० म्हणजे नापास. फ्रान्समधले १४ चांगले मानले जातात. त्यांची सरळ टक्केवारी काढली तर होतात ७०. जिथे नव्वदीपुढचे गुण सर्रास मिळतात, तिथे ही मार्कशीट केविलवाणी वाटते. म्हणून गुणांचं रूपांतर कसं होणार, ते निघण्याआधी लेखी घ्यावं. तोंडी आश्वासनावर विसंबणं मला तरी धाडसाचं वाटतं.

मनाचं काय? अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइटधारकांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडला. सहा महिन्यांच्या आत परतलेले खुशीत होते. सहा ते अठरा महिने राहिलेले त्यामानानं कमी रुळलेले, आणि त्याहून जास्त राहिलेले पुन्हा सुखात. नंतरच्या अभ्यासांत हा आलेख सगळीकडे असाच निघाला नाही. तरी विचार करा, सेमिस्टरवाला पाच-सहा महिन्यांत परततो. उतार लागायच्या आतच त्याची बॅग भरलेली असते! परतल्यावर तो त्या देशाचं एवढं कौतुक का करतो, याचं अर्धं उत्तर कदाचित यातच असेल. दुसरं अर्धं असं, की त्याचे बहुतेक मित्र त्याच्यासारखेच काही महिन्यांचे पाहुणे असतात. स्थानिक मुलांचे कट्टे आधीच जमलेले. तिथे शिरायला संगीताचा गट, खेळाचा संघ किंवा एखादा गटप्रकल्प लागतो.

शेवटचा आठवडा परीक्षांचा, निरोपांचा आणि खोली रिकामी करण्याचा. त्याच गडबडीत आणखी एक सही घ्यायची असते: इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत हा विद्यार्थी इथे होता, या दाखल्यावर. इरॅस्मसच्या शिष्यवृत्तीचा उरलेला हप्ता त्यावर अडतो. कार्यालय दुपारी बंद होतं आणि विमान असतं संध्याकाळचं.