ढेलजेतली कडी

मंडळी, अध्यक्षांनी मला आत्ता इतिहासतज्ज्ञ करून टाकलं. मी आयुष्यभर गणित शिकवलं. ताळा केल्याशिवाय उत्तर खरं मानायचं नाही, ही खोड तेवढी लागली आहे.

पेठेतल्या वाड्याबद्दल गावात कुणालाही विचारा, ‘भोसल्यांच्या सरदाराचा, अडीचशे वर्षांचा’ असं ठोकून सांगतील. मीही पोरांना तेच सांगत होतो. ताळा जमेना तो ढेलजेतल्या, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीतल्या, कडीपाशी. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरलं की डोक्यावर सागवानी तुळई आहे, तिच्यात अंगठ्याएवढ्या जाडीची लोखंडी कडी. आम्ही तिला पाळण्याची कडी म्हणायचो. वाड्यातल्या आजींना विचारलं, तर त्या हसल्याच. “ढेलजेत पाळणा कोन बांधते बाप्पा? बाळंतीन काय रस्त्यावर बसवता?” मग स्टुलावर चढून पाहिलं. कडी खालच्या अंगाने झिजून निम्मी झालेली, आणि बरोबर तिच्याखालची फरशी खोलगट. तिथे काटा टांगलेला असायचा. कापूस तोलायचा काटा.

हे कळल्यावर मी वाडा पुन्हा पहिल्यापासून पाहिला. सरदाराच्या घराला पागा हवी, इथे नाही. उलट मागचं फाटक भरलेली बैलबंडी सरळ आत यावी एवढं रुंद. मागच्या सोप्याला लोखंडी गर्डर आहे आणि त्यावर विलायती कारखान्याचं नाव उठवलेलं आहे. गर्डर मागाहून बसवला असेल, असं म्हणता आलं असतं. पण माडीच्या सागवानी तुळया त्याच्यावरच टेकल्या आहेत. तो काढला तर माडी खाली येईल. एवढं धूड बैलगाडीत घालून कोण आणणार? आगगाडी वऱ्हाडातून पुढे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. वाडा त्यानंतरचा, म्हणजे लोक सांगतात त्याच्यापेक्षा शंभरेक वर्षांनी तरी लहान.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत पाऊस लागला की माल गेला. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला, पण तोवर रेल्वे आली होती. खामगावला जलंबहून आणि अमरावतीला बडनेऱ्याहून फाटे काढले गेले, तेही कापसासाठीच. आपल्यासारख्या गावांतल्या पेठा त्या पैशावर उभ्या राहिल्या. मला यात कमीपणा वाटत नाही. काहींना वाटतो, सरदार गेला म्हणून दोघं जण माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. आता त्या काट्यावर मापात पाप किती झालं, ते मात्र कडीवरून सांगता येत नाही.

आता जरा आमच्या मूर्खपणाबद्दल. काही वर्षांपूर्वी वाड्याची उगवतीची भिंत खरवडल्यासारखी दिसायला लागली. आम्ही चार जणांनी वर्गणी काढली आणि तिला झकास सिमेंटचा गिलावा करून घेतला. वरून पिवळा रंग. फोटोही काढले. दोन पावसाळे गेले आणि भिंतीला पोट सुटलं. हाताने थापटलं की डबडब वाजायची. एक पापुद्रा ओढला तर आत माती नव्हती, पिठलं होतं.

कारण साधं आहे, आम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि अंगावाटे बाहेर सोडते. सिमेंटने आम्ही तिचं अंगच बंद केलं. ओल वर चढत गेली, लोणा, म्हणजे खार, लागला, आतला गारा, म्हणजे मळलेली माती, सुटला. चुन्याचा गिलावा ओल अडवत नाही, म्हणून जुने लोक चुना वापरायचे. कळीचा चुना विझवून आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचा, मग बैलाच्या घाण्यात मळायचा. भिंतीसाठी पांढरीची माती आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, भिजत घालायचा, रोज तुडवायचा. गव्हांड्याने भेगा पडत नाहीत. काळी माती घरासाठी घ्यायचीच नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. काळी पिकायला, पांढरी राहायला.

सरकार काही करेल का, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण पेठेतला एक खासगी वाडा, त्यात सात हिस्सेदार, त्यातले चार पुण्या-मुंबईला, अशा घरावर त्या कायद्याची नजर जाईस्तोवर माडी खाली आलेली असेल. म्हणून दुरुस्तीसाठी आम्हीच सातांच्या सह्या घेतल्या आहेत, तीन महिने लागले. एक सही व्हॉट्सॲपवर आली, तीही वाकडी.

मातीचं घर किती टिकणार, असंही विचारतात. वर्धेला जाता तेव्हा पुढे सेवाग्रामला जाऊन या. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. पत्रं आपल्या शेगावला जायला लागली म्हणून पुढे ते बदललं. बापू कुटीच्या भिंती मातीच्या आहेत, वर कवेलू, म्हणजे कौलं. त्या घराला कुणीतरी कायम हात लावत असतं, म्हणून ते उभं आहे.

आपल्या वाड्यावर कवेलू फेरून किती वर्षं झाली, ते आजींनाही आठवत नाही. वानरांनी निम्मी फोडली आहेत. सिमेंट आम्ही काढलंय, भिंत उघडी आहे, आणि मृग तोंडावर आलाय. गावात कवेलू फेरणारे दोनच जण उरलेत, त्यातले एक काकाजी इथे पुढच्या रांगेत बसलेत. येताना मी त्यांना विचारलं, जमेल का? ते म्हणाले, “मी चढतो वर. गारा तुडवाले चार पोट्टे पाठवा, अन् त्यायले सांगा, चप्पल काढून या म्हना.”