आग दिसणं सोपं, सूर्याला फसू नये हे अवघड

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये पुन्हा तेच: इशारा देणाऱ्या उपग्रहाला छत्तीस हजार किलोमीटरवरून क्षेपणास्त्र दिसतं कसं? अहो, दिसते ती त्याच्या शेपटीची आग. भूस्थिर कक्षा (उपग्रह पृथ्वीसोबतच फिरतो, म्हणून एकाच जागेवर दिसतो), उष्णता टिपणारी इन्फ्रारेड दुर्बीण, तोंड पृथ्वीकडे. झालं. खरी डोकेदुखी आहे फसगत टाळण्याची, आणि ते कुणी विचारत नाही.

म्हणून आधी तरंगलांबी. साधारण २.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इंजिनातली तापलेली वाफ इथे झळकते आणि हवेतलं बाष्प नेमकं हेच गिळतं. त्यामुळे खालचे वणवे, भट्ट्या बऱ्याचशा झाकल्या जातात. रॉकेट दहाएक किलोमीटर वर, ढगांच्या पलीकडे आलं की ठळक होतं. ‘सुटल्या सुटल्या का कळत नाही?’ म्हणणाऱ्या दादांना हेच उत्तर.

पण उंच ढगांवरची सूर्याची तिरीप? ती या बाष्पाच्या पडद्याच्या वरच असते! सकाळी बाणेर टेकडीवरून हिंजवडीच्या काचेच्या इमारती बघा. एखादी अशी चमकते की आग लागली वाटावं. चार पावलं सरका, गायब. २६ सप्टेंबर १९८३ला सोव्हिएत ‘ओको’ या इशारा-उपग्रह यंत्रणेने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं मोजली, तीही अशीच तिरीप होती. मागे काळं अंतराळ मिळावं म्हणून ते उपग्रह पृथ्वीच्या कडेला तिरपे बघायचे. त्या दिवशी ऊन, ढग आणि उपग्रह यांचा कोन नेमका जुळला. ड्यूटीवरचे सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी इशारा खोटा ठरवला, म्हणून निभावलं.

म्हणून दुसरा उपग्रह, वेगळ्या कोनातून. तिरीप दोघांना एकदम दिसत नाही, ज्वाळा दिसते. वर दोन दिशा मिळाल्या की जागाही पक्की होते.

आणि तरीही घाई नको! १९७०पासूनचे अमेरिकी डीएसपी हे इशारा-उपग्रह मिनिटाला सहा गिरक्या घेत, म्हणजे तीच जागा दर दहा सेकंदांनी. ठिपका प्रत्येक फेरीत सरकला, वेग वाढत गेला, तरच रॉकेट. मात्र स्कडसारख्या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचं इंजिन मिनिटभरच जळतं, त्यातही सुरुवात ढगाखाली. हाती मोजकेच ठिपके. म्हणून २०११पासून भूस्थिर कक्षेत गेलेल्या एसबीआयआरएस या नव्या अमेरिकी उपग्रहांमध्ये फिरत्या नजरेसोबत एकटक बघणारा सेन्सरही दिला.

‘इंजिन बंद झाल्यावर काय?’ ज्वाळा संपली की हे उपग्रह जवळजवळ आंधळेच. शेवटचा वेग नि दिशा यांवरून पडण्याचा अंदाजे टापू काढतात, आणि पुढचा माग रडार घेतं.