गॅस गेला कुठून?

(परभणीतील एका उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'गाडीच्या एसीतून गरम हवा का येते?' त्यावर येतोच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. पारा ४२ च्या वर गेला की आपल्याकडे गॅरेजपुढं रांग लागते, आणि येणारा प्रत्येक जण रोगही सांगतो आणि औषधही सांगतो: "गॅस संपलाय, भरून द्या." यंदा कोणी कोणी भरला? हात वर करा बरं. पुढच्या दोन रांगा तर सगळ्याच!

गॅस संपत नसतो. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि वाफ होताना गाडीतली उष्णता तो ओढून घेतो. आर-१३४ए हा नेहमीचा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. तिथून पुन्हा कॉम्प्रेसर, पुन्हा तीच फेरी. मला वाटतं, हा समज घरच्या कूलरवरून आलाय. कूलरचं पाणी खरंच खर्ची पडतं, दुपारी बादली ओतावीच लागते. मग गाडीतही दरसाल काहीतरी ओतायचं असतं, असं डोक्यात बसलं. रबरी होझमधून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे मान्य. पण मार्चमध्ये भरलेला मेमध्ये गायब झाला, तर कुठंतरी भोक आहे आणि ते कोणी शोधलेलं नाही.

सेलूकडच्या एका काकांची गोष्ट सांगतो. जिनिंगवर कामाला होते, गाडी बारा महिने तिथंच आवारात उभी. एका उन्हाळ्यात त्यांनी दोन-तीनदा गॅस भरून घेतला. माझ्याकडं आले ते वैतागून: "गुरुजी, गाडी पळती तवर गार. रेल्वे फाटकाला थांबली की गरम वारं यायलंय." अहो, निदान काकांनीच सांगितलं होतं! गॅरेजवाल्यानं ते वाक्य नीट ऐकलं असतं, तर काकांचे पैसे वाचले असते. गाडी पळते तेव्हा समोरचं वारं कंडेन्सर थंड करतं. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर.

बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला. कंडेन्सरचा पंखा ढिम्म. त्या गाडीत रेडिएटरचा पंखा वेगळा, म्हणून इंजिन तापत नव्हतं आणि कोणाला शंकाही आली नव्हती. पंख्याच्या मोटरचं कनेक्टर जळून काळं पडलेलं. आणि कंडेन्सरच्या तोंडावर कापसाचे तंतू, त्यात धूळ, त्यात मेलेली पाखरं, असा घट्ट थर. नखानं कोपरा उचलला तर गोधडीची ठिगळं निघावीत तसा सोलून आला. आता गॅसचं बघा. गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावलं तर दोन्हीकडचा, कॉम्प्रेसरच्या आधीचा आणि नंतरचाही, दाब चढलेला, कारण भरल्यावर पुन्हा भरलेला. जादा गॅसनंही एसी गरम हवा फेकतो, हे इथं किती जणांना ठाऊक आहे? कनेक्टर बदललं, कंडेन्सर मागून पुढं बेताच्या पाण्यानं धुतला (जोराचा फवारा मारू नका, पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात), जादा गॅस मशीननं काढून घेतला. एसी फाटकालाही गार.

काढून घेतला म्हणालो, हवेत सोडला नाही. आधीचा आर-१२ ओझोन थराला खात होता, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हटवला गेला. हा नवा ओझोनला त्रास देत नाही, पण एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आपला उन्हाळा आणखी तापवायला आपणच का मदत करायची?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. बरं, आता मूळ विषय भराभर.

हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. हवा भरपूर पण गरम, किंवा एका बाजूनं गार आणि दुसरीकडून गरम, तर डॅशबोर्डातला गरम-गार हवेचा फ्लॅप अडकलाय का ते पाहा, गॅसला हात लावू नका. मग बॉनेट उघडा. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून फिरतो का? काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तो भाग वेगळा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, नाहीतर गॅस कमी झाल्यानं प्रेशर स्विचनं तो थांबवलेला असतो. वायर जोडून जबरदस्तीनं चालवू देऊ नका, ऑइल गॅसबरोबरच फिरतं, कॉम्प्रेसर जाम होईल. गेजवर दोन्ही दाब कमी तर बहुधा गळती. लो साइड (कॉम्प्रेसरच्या आधीचा दाब) चढलेली आणि हाय साइड (नंतरचा दाब) पडलेली तर कॉम्प्रेसर थकलाय. दोन्ही चढलेले तर काकांची गाडी आठवा. गळतीच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. कुलिंग कॉइल आत असते, तिथं गॅसबरोबर फिरणारा रंग, म्हणजे डाय, घालून शोधावं लागतं.

गळती बुजवल्यावर अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा ओढून काढणं, मग पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघायचं, मगच गॅस, तोही वजन करून. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाडीला साधारण ४००-५००. किती ग्रॅम भरला आणि गळती कुठं सापडली, दोन्ही बिलावर लिहून मागा. दुसरं लिहायला गॅरेजवाला तयार नसेल, तर गाडी पुढच्या गॅरेजला न्या.